भूतकाळातला ‘सेल्फ’

प्लेसमेंटचे दिवस जवळ आले की आपल्या कॉरिडॉरमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘मायसेल्फ रमेश, फ्रॉम मनावर.’ त्याच्याच जोडीला, सहलीच्या वृत्तांतात ‘वी एन्जॉइड अ लॉट’ आणि अर्जात ‘ही कट हिम बाय मिस्टेक’. तिन्ही वाक्यांचा घोटाळा एकाच शब्दाभोवती आहे. तो आपल्याकडूनच इतका का होतो, याचं उत्तर मला इंग्रजीच्या पुस्तकापेक्षा मराठीच्या व्याकरणात जास्त सापडलं.

शाळेत शिकलेला भावे प्रयोग आठवा. ‘मी स्वतःला सावरलं. तिने स्वतःला सावरलं. त्यांनी स्वतःला सावरलं.’ कर्ता बदलला, पण ‘स्वतःला’ तसंच आणि ‘सावरलं’ही तसंच. (‘तू सावरलंस’, ‘तुम्ही सावरलंत’ एवढाच काय तो फरक.) वर्तमानकाळात मात्र आपण ‘मी सावरतो, ती सावरते, ते सावरतात’ असं क्रियापद बदलत असतो. म्हणजे भूतकाळात आलो की मराठी वाक्य जवळजवळ गोठतं.

मी मनावरची. धार आणि देवास ही पवारांची संस्थानं १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाली, पण आमच्यासारखी मराठी घरं तिथेच राहिली. घरात ‘स्वतःला’, बाजारात ‘खुद को’. हिंदीतही ‘मैंने, उसने, उन्होंने खुद को संभाला’, सगळं एकसारखं. दोन्ही भाषांनी आम्हाला एकच सवय लावली: या जागी काही बदलायचं नसतं.

इंग्रजीत भूतकाळाचं क्रियापद, ‘वॉज’ आणि ‘वेअर’ सोडले तर, गोठलेलंच असतं. ‘कंट्रोल्ड’ सगळ्यांना एकच. पण ‘सेल्फ’ गोठत नाही. आय कंट्रोल्ड मायसेल्फ, शी कंट्रोल्ड हरसेल्फ, दे कंट्रोल्ड देमसेल्व्ह्ज. अशी एकूण आठ रूपं: मायसेल्फ, युअरसेल्फ, हिमसेल्फ, हरसेल्फ, इटसेल्फ आणि अनेकवचनी अवरसेल्व्ह्ज, युअरसेल्व्ह्ज, देमसेल्व्ह्ज. ‘हिजसेल्फ’ आणि ‘देअरसेल्व्ह्ज’ ही रूपं प्रमाण इंग्रजीत नाहीत.

यात आपल्यासाठी एक खास खड्डा आहे. सरांना आपण आदराने ‘तुम्ही’ म्हणतो, म्हणून ‘सर, यू हर्ट युअरसेल्व्ह्ज?’ असं तोंडून निघतं. सर एकच आहेत, तेव्हा ‘युअरसेल्फ’. इंग्रजी इथे आदर बघत नाही, फक्त डोकी मोजते.

आता नियम. ‘सेल्फ’ हा मागे वळून बघणारा शब्द आहे. त्याच वाक्यात आधी त्याचा धनी हवा. ‘आय इंट्रोड्यूस्ड मायसेल्फ’ यात ‘आय’ हा धनी आहे. ‘मायसेल्फ रमेश’ यात मागे कोणीच नाही, म्हणून ते वाक्य उभं राहत नाही. ‘आय अ‍ॅम रमेश’ पुरे.

दुसरी अडचण, मराठी जिथे ‘स्वतः’ वापरतच नाही तिथली. आपण म्हणतो, ‘मला लागलं’, ‘त्याला सुरी लागली’, ‘आम्ही मजा केली’. इंग्रजीत: ‘आय हर्ट मायसेल्फ’, ‘ही कट हिमसेल्फ’, ‘वी एन्जॉइड अवरसेल्व्ह्ज’. ‘एन्जॉइड’ला कर्म लागतं, ‘द ट्रिप’ म्हणा नाहीतर ‘अवरसेल्व्ह्ज’, पण जागा रिकामी ठेवू नका. आणि ‘हर्ट मायसेल्फ’ म्हटलं म्हणजे मुद्दाम केलं असा अर्थ होत नाही, म्हणून घाबरू नका.

उलटंही आहे. ‘मी दाढी केली’, ‘ती तयार झाली’ यांना इंग्रजीत ‘सेल्फ’ची गरज नाही: ‘आय शेव्ह्ड’, ‘शी गॉट रेडी’. तसंच ‘मी डबा सोबत घेतला’ म्हणजे ‘आय टुक माय टिफिन विथ मी’. इथे ‘मायसेल्फ’ घालू नये.

‘प्राचार्य स्वतः आले’ यातला ‘स्वतः’ वेगळा, जोर देणारा. ‘द प्रिन्सिपल हिमसेल्फ केम.’ ओळखायची खूण सोपी: शब्द काढून बघा. वाक्य टिकलं तर तो जोरासाठी होता. लंगडं पडलं तर ते कर्म होतं.

हे सगळं केवळ मार्कांपुरतं नाही. हॉस्टेलच्या मेसमध्ये कोणाच्या बोटाला सुरी लागली आणि अर्जात ‘ही कट हिम’ लिहिलं, तर वाचणाऱ्याला दोन माणसं दिसतात: एक कापणारा, एक कापला गेलेला. ‘हिमसेल्फ’ लिहिलं की माणूस एकच. मराठीच्या ‘त्याला सुरी लागली’मध्ये कोणावरच आळ येत नाही, म्हणून हा धोका आपल्या लक्षात येत नाही. चौकशीच्या कागदावर मात्र तो एक शब्द एका निरपराध मित्राला उभं करू शकतो.

मराठीला यात कमी लेखायचं कारण नाही. ‘शरदने आपला डबा खाल्ला’ आणि ‘शरदने त्याचा डबा खाल्ला’ यांतला फरक आपल्याला सहज कळतो. इंग्रजीतल्या ‘शरद एट हिज टिफिन’मधून डबा कोणाचा ते कळत नाही, ‘हिज ओन’ असं जास्तीचं सांगावं लागतं. सेरामपूरहून १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापणाऱ्या विल्यम केरीला आपल्या भाषेकडे बाहेरून बघावं लागलं होतं. इंग्रजी शिकताना आपणही तेच करतो, फक्त उलट दिशेने.

तेव्हा भूतकाळातलं वाक्य लिहून झालं की दोन प्रश्न विचारा. काम करणारा आणि ज्याच्यावर काम झालं तो एकच आहे का? असेल तर तो कोण, आणि एक की अनेक? पहिल्या उत्तराने ‘सेल्फ’ येईल, दुसऱ्याने त्याचं रूप ठरेल.