पोटगीचा हुकूम एका राज्याचा, अर्ज कोणत्या राज्यात?

मध्यंतरी अमेरिकेतून भाच्याचा फोन आला. “मामा, नोकरी गेली. मुलीची पोटगी कमी करून घ्यायचीय. इथं टेक्ससच्याच कोर्टात अर्ज टाकतो.” माझी वकिली सगळी इकडची, तिकडचा कायदा मी पुस्तकातून वाचलेला. तरी म्हटलं, “थांब जरा.”

त्याचा घटस्फोट न्यूयॉर्कचा, पोटगीचा हुकूमही तिथलाच. पुढे हा टेक्ससला गेला, मुलगी आईबरोबर कॅलिफोर्नियाला. तिकडे कौटुंबिक कायदा राज्याराज्याचा वेगळा. पूर्वी एकाच मुलासाठी दोन-तीन राज्यांचे हुकूम निघत आणि पाळायचा कोणता, याचा घोळ होई. म्हणून १९९२ मध्ये एक समान कायदा तयार झाला आणि १९९६ मध्ये केंद्राने तो सर्व राज्यांना स्वीकारायला लावला. आता एका वेळी हुकूम एकच.

आई, वडील, मूल यांपैकी एक जण जरी हुकूम देणाऱ्या राज्यात राहत असेल, तर एरवी बदल तिथलंच कोर्ट करतं. तिघंही वेगवेगळ्या राज्यांत पांगले, तर ज्याला बदल हवा त्याने समोरच्याच्या राज्यात हुकूम नोंदवून अर्ज करायचा. म्हणजे भाच्याला कॅलिफोर्निया! मला हे न्याय्य वाटतं. अर्जदाराला घरच्या कोर्टाचा फायदा मिळत नाही.

रक्कम नवं कोर्ट आपल्या नियमाने ठरवतं. पोटगी किती वर्षं द्यायची, हे मात्र मूळ राज्याच्या कायद्यानेच. न्यूयॉर्कमध्ये ती साधारणपणे २१ व्या वर्षापर्यंत असते. अठराव्या वर्षी सुटका होईल, असं हा धरून बसला होता.

मग हळूच म्हणाला, “दोन महिने मी निम्मेच पाठवतोय. ती फोनवर हो म्हणालीय.” इथं मात्र मी चिडलो. अरे, फोनवरच्या ‘हो’ने कोर्टाचा हुकूम बदलतो का? १९८६ च्या केंद्रीय तरतुदीनुसार पोटगीचा प्रत्येक हप्ता देय झाला की तो कोर्टाच्या निवाड्यासारखाच पक्का होतो. मागची थकबाकी न्यायाधीशालाही कमी करता येत नाही. फार तर अर्जाची नोटीस समोरच्याला मिळाल्यापासून पुढची रक्कम बदलते. नोकरी गेली त्याच आठवड्यात हालचाल करायला हवी होती.

अर्ज आता कॅलिफोर्नियात दाखल झालाय. त्या दोन महिन्यांची उरलेली निम्मी रक्कम मात्र त्याला भरावीच लागेल.