चैत्र-वैशाखातले पाणपक्षी

महाराष्ट्रात पाणपक्षी पाहण्याचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या सुमारास आटोपतो, असा सर्वसाधारण समज आहे, आणि आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर वर्षी जानेवारीत होत आल्याने त्या समजाला अप्रत्यक्ष बळही मिळाले आहे. एका जागी स्थिरावलेले थवे मोजण्यासाठी जानेवारी योग्यच आहे; परंतु स्थलांतर प्रत्यक्ष घडताना ज्याला पाहायचे आहे, त्याला मार्च ते मे हे तीन महिने अधिक काही देऊन जातात. याच काळात पक्षी पिसांचा रंग बदलतात, अंगावर चरबी चढवतात आणि बऱ्याच अंशी ठरलेल्या क्रमाने उत्तरेकडे निघून जातात. शिवाय उन्हाळ्याने उतरलेल्या पाण्यामुळे त्यांची चरण्याची जागाही उघडी पडलेली असते.

भारतात हिवाळा काढणारे बहुतेक पाणपक्षी ‘मध्य आशियाई उड्डाणमार्गा’चे प्रवासी असतात. हा मार्ग म्हणजे नकाशावरची एखादी रेघ नसून, सायबेरियाच्या उत्तर टोकापासून हिंदी महासागरापर्यंत सुमारे ३० देशांवर पसरलेला हवाई पट्टा आहे, आणि त्यात कोण केव्हा निघणार हे मुख्यतः ज्याच्या-त्याच्या विणीच्या प्रदेशातला बर्फ केव्हा वितळतो यावर अवलंबून असते. तलवार बदक, थापट्या यांसारख्या बदकांची संख्या फेब्रुवारीअखेरपासूनच घटू लागते. तिबेटच्या पठारावर आणि लडाखमधल्या त्सो मोरीरीसारख्या सरोवरांकाठी घरटी करणारा पट्टकदंब, म्हणजे डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेला हंस, साधारणतः मार्चमध्ये दख्खन सोडतो. (‘मेघदूता’तले राजहंस आषाढातल्या ढगांबरोबर मानससरोवराकडे निघतात, पट्टकदंब तोवर तिबेटात पिल्ले वाढवण्यात गुंतलेला असतो.) याउलट सायबेरियाच्या टुंड्रा प्रदेशात, म्हणजे वृक्षहीन, वर्षातला बराच काळ गोठलेल्या मैदानांत, वीण करणाऱ्या पक्ष्यांना घाई करून उपयोग नसतो, कारण तेथील जमीन जूनपर्यंत मोकळी होत नाही, त्यामुळे ते एप्रिलअखेर, क्वचित मेच्या मध्यापर्यंतही, आपल्याकडे रेंगाळतात.

उष्ण प्रदेशात बसलेल्या पक्ष्याला हजारो किलोमीटर दूरच्या ऋतूची चाहूल कशी लागते, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याच्या दिशेने महत्त्वाचे पाऊल विल्यम रोवन यांनी १९२० च्या दशकात कॅनडातील एडमंटन येथे टाकले. त्यांनी जंको नावाचे चिमणीएवढे स्थलांतरी पक्षी कडाक्याच्या थंडीत उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले आणि संध्याकाळनंतर विजेचे दिवे लावून त्यांचा दिवस रोज थोडा थोडा वाढवत नेला. तापमान गोठणबिंदूच्या खाली असतानाही त्यांच्या प्रजननग्रंथी वसंतात वाढतात तशा वाढल्या. स्थलांतराची सिद्धता करणारे घड्याळ मुख्यतः दिवसाच्या लांबीवर चालते, उबेवर नव्हे, ही समज त्यातून रुजली. या सिद्धतेत भूक विलक्षण वाढते, आणि लांबच्या पल्ल्याचे काही पक्षी निघण्यापूर्वी आपले वजन जवळजवळ दुप्पट करतात.

सर्वांत ठळक बदल मात्र रंगाचा. चिखलात उभे राहून चरणाऱ्या लांब पायांच्या पक्ष्यांना पक्षीनिरीक्षक ‘वेडर’ म्हणतात, आणि हिवाळ्यात हे सारे इतके सारखे करडे दिसतात की नवशिक्याने ते ओळखण्याचा नाद सोडून द्यावा. एप्रिलमध्ये हीच मंडळी विणीचा पिसारा धारण करतात: बाकदार चोचीची तुतारी विटेसारखी लाल होते, काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याची, म्हणजे गॉडविटची, मान व छाती तांबूस होते, सोन चिखल्याच्या पाठीवर सोनेरी ठिपके उजळतात आणि पोटाखाली काळा रंग पसरतो, तर वेडर नसलेल्या तपकिरी डोक्याच्या कुरवालाही त्याचे नाव सार्थ करणारी टोपी येते, जी हिवाळ्यात डोळ्यामागच्या एका डागापुरती उरलेली असते. बदल एका रात्रीत होत नसल्यामुळे एकाच थव्यात करडे, अर्धवट रंगलेले आणि पूर्ण रंगलेले असे सर्व प्रकारचे पक्षी शेजारी शेजारी दिसतात, आणि कोणत्याही चित्रमय मार्गदर्शक पुस्तकातल्या दोन नीटस चित्रांपेक्षा असा थवा अधिक शिकवतो.

महाराष्ट्राच्या अंतर्भागातले बहुतेक मोठे पाणवठे मानवनिर्मित आहेत, ही गोष्ट येथे महत्त्वाची ठरते. गोदावरी-कादवा संगमावरील नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभी बांधला गेला, त्यामागे साचलेल्या गाळातून पाणथळ तयार झाली आणि २०२० मध्ये ती महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरली. भीमेवरच्या उजनी जलाशयात एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते आणि त्यातले निम्म्याहून अधिक ‘मृत साठा’, म्हणजे एरवी न वापरायचे पाणी, या सदरात मोडते. तरीही उन्हाळी आवर्तने सुटू लागली की अनेक वर्षी साठा उणे होतो, म्हणजे मृत साठ्यालाही हात लागतो, वर्तमानपत्रांत चिंतेचे मथळे येतात आणि भिगवण, कुंभारगाव, डिकसळ परिसरात पाणी मागे सरकून चिखलाचे विस्तीर्ण पट्टे मोकळे होतात. शेतकऱ्याला धसका देणारी ही घट वेडर पक्ष्यांच्या पथ्यावर पडते, कारण त्यांना खोल पाणी नको, ओला गाळ हवा असतो. अर्थात त्याच गाळावर गाळपेर होते, म्हणजे उघड्या पडलेल्या सुपीक तळावर तात्पुरते पीक घेतले जाते, आणि ते जिथे पाण्याच्या कडेपर्यंत पोहोचते तिथे पक्ष्यांसाठी फारसे काही उरत नाही.

अशा चिखलाच्या एखाद्या तुकड्यावर दुर्बीण स्थिर ठेवली, तर प्रत्येक जातीचा धंदा वेगळा असल्याचे दिसते. चिखल्या मोठ्या डोळ्यांनी भक्ष्य शोधतो, म्हणून तो चार पावले धावतो, थबकतो, झटकन वाकून काहीतरी टिपतो आणि पुन्हा धावतो. चिमणीएवढा छोटा टिलवा मान खाली घालून ओल्या पृष्ठभागावर शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चालवत राहतो. पाणटिवळा पोटापर्यंत पाण्यात शिरून सगळी चोच गाळात खुपसतो. त्या चोचीच्या टोकाशी स्पर्श आणि दाब जाणणारे सूक्ष्म चेताग्रे असतात, आणि बाकीची चोच मिटलेली ठेवून केवळ टोक उघडता येत असल्याने अळी वा किडा गाळाच्या आतच पकडता येतो.

किनाऱ्यावर घड्याळापेक्षा पंचांग अधिक कामी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या मोठ्या भरतीला कोकणात उधाण म्हणतात आणि अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला भांग; तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा जुना हिशेब मुंबईच्या परिसरात ढोबळमानाने आजही जुळतो. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, तर पौर्णिमेला बाराच्या आसपास. ओहोटीला पक्षी चिखलावर दूरवर पांगलेले असतात आणि दुर्बिणीतही ठिपक्यांएवढे दिसतात, परंतु भरती चढू लागली की पाणी त्यांना किनाऱ्याकडे ढकलत आणते. त्यामुळे पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास सर्वांत मोलाचे. उधाणात शिवडी किंवा ठाणे खाडीचा चिखल जवळजवळ सगळा बुडतो आणि थवे भांडुप-उरण परिसरातली मिठागरे व उथळ तळी गाठतात. खाडीचा मोठा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला व २०२२ मध्ये तिला रामसर दर्जाही मिळाला. पण भरतीच्या वेळी टेकायला जागा नसेल तर ओहोटीचा चिखल सुरक्षित ठेवून अर्धेच काम होते, हे नगरनियोजनाच्या चर्चांत क्वचितच लक्षात घेतले जाते. ज्यांच्या नावाने हे अभयारण्य आहे ते रोहित पक्षी सायबेरियाला जात नाहीत. पावसाळ्याच्या तोंडापर्यंत ते खाडीत राहतात, आणि भारतातील त्यांची विणीची मोठी वसाहत कच्छच्या रणात आहे.

साधनांबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. ८×४२ ची दुर्बीण पुरते. तिपाईवरचा स्कोप असला तर उत्तमच, मात्र एप्रिलमध्ये सकाळी नऊनंतर तापलेल्या हवेत चित्र थरथरू लागते आणि महागडी भिंगेही निरुपयोगी होतात, म्हणून उजाडताना सूर्य पाठीशी घेऊन बसावे. छायाचित्रासाठी नाव थव्यात घालण्याची प्रथा काही ठिकाणी रुळली आहे. ती कोणत्याही ऋतूत वाईट, पण वसंतात विशेष घातक, कारण प्रत्येक उडवणुकीत खर्च होणारी चरबी ही पुढच्या प्रवासाची शिदोरी असते.

मेअखेर बहुतेक थवे गेलेले असतात, सगळे नव्हे. वेडरांच्या अनेक जातींतली आदल्या वर्षीची पिल्ले पहिल्या उन्हाळ्यात वीण करत नाहीत आणि त्यांतली बरीच उत्तरेकडे जातही नाहीत. करड्या, झिजलेल्या पिसांनिशी ती जून-जुलैतही कोकण-गोव्याच्या खाड्यांत चरताना आढळतात. असा एकटा-दुकटा पक्षी दिसला की तो आजारी वा जखमी आहे असे समजून कळकळीने त्याला पकडायला धावणारे लोक असतात. बहुतेक वेळा तो धडधाकट असतो आणि पुढच्या वैशाखाची वाट पाहत असतो.