धातूचे कृत्रिम सांधे आणि एमआरआय प्रतिमेतील दोष

प्रास्ताविक

पुण्यातील अस्थिशल्यचिकित्सक डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय रुग्णांच्या गरजा लक्षात घेऊन ‘इंडस’ हा कृत्रिम गुडघा विकसित केला. असा कोणताही बसवलेला सांधा काही वर्षांनी दुखू लागला, तर त्याच्याभोवती जंतुसंसर्ग झाला आहे का, हाड झिजले आहे का, हे पाहावे लागते. पुन्हा शस्त्रक्रिया करायची की नाही, हे त्यावरून ठरते. परंतु एमआरआय चित्रात नेमका तोच भाग काळा किंवा वेडावाकडा उमटतो. या दोषाची कारणे व उपाय आपण या घटकात पाहू.

दोषाचे कारण

शरीरातील पाणी व मेद यांमधील हायड्रोजनची अणुकेंद्रे चुंबकीय क्षेत्रात विशिष्ट वारंवारतेचा संदेश देतात. १.५ टेस्ला क्षमतेच्या यंत्रात ही वारंवारता सुमारे ६४ मेगाहर्ट्झ असते. यंत्र जागेनुसार क्षेत्रात थोडा ठरावीक फरक घडवते आणि वारंवारतेवरून संदेश कोठून आला ते ओळखते. म्हणजे वारंवारता हाच जागेचा पत्ता होय. धातू ऊतींपेक्षा वेगळ्या प्रमाणात चुंबकित होतो. त्यामुळे आसपासचे क्षेत्र बिघडते आणि पत्ता चुकतो. एका ठिकाणचा संदेश दुसरीकडे साचून पांढरा पट्टा उमटतो. मूळ जागी काळी पोकळी राहते. टायटॅनियमपेक्षा कोबाल्ट-क्रोमियम व स्टेनलेस स्टील यांमुळे हा दोष अधिक होतो.

उपाय

१. क्षेत्राच्या तीव्रतेबरोबर विकृती वाढते. म्हणून ३ टेस्लाऐवजी १.५ टेस्लाचे यंत्र निवडतात.

२. बँडविड्थ वाढवल्यास प्रत्येक चित्रबिंदूच्या वाट्याला वारंवारतेची मोठी कक्षा येते व संदेश कमी अंतर सरकतो. मात्र बँडविड्थ चौपट केल्यास गोंगाटाच्या तुलनेत संदेश निम्मा होतो.

३. ग्रेडियंट-एकोऐवजी स्पिन-एको पद्धत वापरल्यास विस्कळीत झालेला संदेश बऱ्याच अंशी पुन्हा जुळून येतो.

४. मेदाचा संदेश वारंवारतेच्या आधारे दडपण्याची रीत धातूजवळ फसते. तेथे ‘स्टर’ पद्धत अधिक विश्वसनीय ठरते.

५. ‘सीमॅक’ व ‘मॅव्हरिक’ या पद्धती सरकलेला संदेश अधिक मापने घेऊन मूळ जागी आणतात. त्यासाठी तपासणीचा वेळ वाढतो.

सारांश

दोष पूर्णपणे नाहीसा होत नाही. तो निदानाच्या आड येणार नाही इतका कमी करता येतो. प्रत्येक उपायाची किंमत वेळेच्या किंवा स्पष्टतेच्या रूपाने मोजावी लागते. म्हणून रुग्णाने शरीरातील धातूची माहिती व शस्त्रक्रियेची कागदपत्रे तपासणीपूर्वीच दाखवणे आवश्यक आहे. ती सुरक्षिततेसाठी जशी लागतात, तशीच योग्य पद्धत निवडण्यासाठीही लागतात.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

‘वारंवारता हाच जागेचा पत्ता’ हे विधान धातूमुळे होणाऱ्या दोषाच्या संदर्भात स्पष्ट करा.