सेवेचे मोल
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझे मामा आठ दिवस दवाखान्यात होते. घरी सोडताना बिल वाचण्याचे काम माझ्याकडे आले, कारण आमच्या घरात पदवीच्या वर्गात बसणारा मी पहिलाच. खाटेचे भाडे, डॉक्टरांची फी, औषधे, आणि त्याखाली एक ओळ होती: 'नर्सिंग चार्जेस, दररोज 300 रुपये'.

माझी ताई दुसऱ्या एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. तिला ते बिल दाखविले तेव्हा ती हसली. म्हणाली, "आमच्या वॉर्डात वीस खाटा. कर हिशोब." मी केला. हाच दर धरला आणि सर्व खाटा भरलेल्या मानल्या, तर महिन्याला 1,80,000 रुपये होतात. तिन्ही पाळ्या आणि सुट्ट्या धरून त्या वॉर्डात सात परिचारिका आहेत. प्रत्येकीचा पगार 11,500 म्हणजे सातजणींचे मिळून 80,500. उरलेली सगळी रक्कम मालकाचा नफाच असते असे मी म्हणत नाही; खाटा नेहमी भरलेल्या नसतात, यंत्रांचे हप्ते असतात, विजेचे बिल असते. पण रोग्याकडून ज्या नावाने पैसे घेतले, त्या नावाच्या माणसापर्यंत त्यातले किती पोहोचले, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनातून जात नाही.

परिचारिकेचे काम म्हणजे उशी सरकवणे आणि गोड बोलणे, असा आपला समज असतो. ताईने बारावीनंतर तीन वर्षांचा जी.एन.एम. अभ्यासक्रम पुरा केला. त्यासाठी वडिलांनी दुभती म्हैस विकली. परीक्षा झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी झाली, तेव्हा कोठे ती रोग्याला हात लावण्यास पात्र ठरली. सलाईनचे थेंब मोजणे, कोणते इंजेक्शन किती आणि केव्हा हे पाहणे, रक्तदाब घसरू लागला की डॉक्टरांना वेळेवर उठवणे, या सर्वांत चूक झाली तर खोडरबर चालत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि इतरत्र पाच खाटांमागे एक परिचारिका हवी. ताईच्या वॉर्डात रात्री वीस खाटांना दोघी असतात. रात्रपाळी आठ ते आठ, बारा तासांची. सकाळची मुलगी आली नाही तर तीच पाळी पुढे चालू राहते. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

मग याला काही कायदा नाही काय? येथेच खरी गोम आहे. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांची पिळवणूक होते, अशी तक्रार घेऊन ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. 29 जानेवारी 2016 रोजी न्यायालयाने केंद्र सरकारला समिती नेमण्यास सांगितले. त्या समितीने मोजमाप अगदी स्पष्ट ठरवून दिले. दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात पगार राज्य सरकारच्या परिचारिकेइतका असावा. शंभराहून अधिक खाटा असतील तर तो फार तर दहा टक्के कमी असावा. पन्नास ते शंभर खाटांना फार तर पंचवीस टक्के कमी. आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या लहान रुग्णालयातही महिना 20,000 रुपयांच्या खाली जाऊ नये. ताईचे रुग्णालय तीस खाटांचे आहे. म्हणजे देशाने तिच्यासाठी मानलेला किमान आकडा आणि तिच्या हातात पडणारा आकडा यांत दरमहा 8,500 रुपयांचे अंतर आहे. आपल्या राज्याच्या सेवेतील अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी 35,400 रुपयांपासून सुरू होते, हे तर तिच्यासमोर बोलण्याचीही सोय नाही.

पण शिफारस म्हणजे हुकूम नव्हे. रुग्णालये हा विषय राज्यघटनेने राज्यांच्या सूचीत ठेवला आहे. त्यामुळे राज्याने कायदा वा नियम केल्याशिवाय हे आकडे कागदावरच राहतात. केरळमध्ये परिचारिका एकत्र आल्या, संपाची तयारी केली, आणि 2018 च्या एप्रिलमध्ये तेथील सरकारने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांचे किमान मूळ वेतन 20,000 रुपये ठरवून अधिसूचना काढली. आकडा तोच, फरक एवढाच की तेथे तो मागण्यासाठी पुष्कळजणी एकदम उभ्या राहिल्या.

आमच्याकडे त्या का उभ्या राहत नाहीत? मी ताईला विचारले. ती म्हणाली, "अरे, उद्या मी गेले तर परवा दुसरी दहा हजारांत येईल. आणि तुझी फी कोण भरणार?" या उत्तरावर माझ्याजवळ शब्द नव्हते.

मित्रहो, आपण परिचारिकेला 'सिस्टर' म्हणतो. दरवर्षी 12 मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्मदिनी, तिला गुलाबाचे फूल देतो आणि तिच्या कामाला 'सेवा' म्हणतो. शब्द मोठा पवित्र आहे, पण त्याच शब्दाआड तिचा पगार झाकला जातो. डॉक्टरही सेवाच करतात, तरी त्यांची फी कोणी निम्मी करीत नाही. सेवा म्हटल्याने पोट भरत नाही आणि दमलेले डोळे रात्री तीन वाजता थेंब नीट मोजू शकत नाहीत. त्या थेंबांखाली उद्या तुमचा-माझा बाप असू शकतो.

पुढच्या वेळी दवाखान्याचे बिल हातात आले, तर ती ओळ जरूर वाचा, आणि वॉर्डातल्या सिस्टरला विचारा, "तुमच्या किती तासांची ड्यूटी झाली?" एवढे विचारणारेही तिला फारसे कोणी भेटत नाहीत. हा लेख मी लिहीत आहे तेव्हा ताई रात्रपाळीला गेली आहे. माझ्या दुसऱ्या सत्राची फी तिने परवाच भरली.