साहित्याचे विद्यार्थी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

ओपनएआय या अमेरिकी संस्थेने ३० नोव्हेंबर २०२२ रोजी 'चॅटजीपीटी' सर्वांसाठी खुले केले. तेव्हापासून विद्यापीठातील साहित्याच्या विद्यार्थ्याला कवितेचा आशय, कादंबरीचा सारांश, निबंधाचा आराखडा क्षणार्धात मिळू लागला आहे. परंतु साधनाचा वापर करणे आणि साधनाचे स्वरूप जाणणे या दोन भिन्न गोष्टी होत. येथे आम्ही मुख्यतः दुसरीचा विचार करीत आहोत.

हे यंत्र ग्रंथ उघडून उत्तर शोधते, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. कोणत्या शब्दांमागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ते प्रचंड मजकुरावरून शिकलेले असते आणि त्यानुसार वाक्य रचते. आता काही प्रणालींना इंटरनेटवर शोध घेण्याची जोड मिळाली आहे. तथापि वाक्यरचनेची मूळ प्रक्रिया तीच आहे. म्हणूनच वाक्य सुबक असूनही विधान असत्य असू शकते. २०२३ साली न्यूयॉर्कमधील वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयापुढे ठेवले व त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. प्रबंधाच्या संदर्भसूचीतही असेच घडू शकते.

मराठीच्या बाबतीत हा धोका अधिक आहे. इंटरनेटवर इंग्रजीच्या तुलनेत मराठी मजकूर अत्यल्प. त्यातही दलित साहित्याचा मोठा भाग अल्पजीवी नियतकालिकांत विखुरलेला आहे. दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनाचा सारांश 'दारिद्र्य आणि संघर्ष' एवढ्यावर आटोपला, तर तो खोटा नसतो. पण पोकळ असतो. बलुते म्हणजे गावकीच्या कामाबद्दल मिळणारा धान्याचा वाटा. त्या शब्दामागील व्यवस्था ग्रंथ वाचल्यावाचून उलगडत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. घरातून प्रथमच विद्यापीठात आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी समीक्षेतील अवघड परिभाषा समजून घेण्यास हे साधन साहाय्यभूत ठरते. खाजगी शिकवणी ज्याला परवडत नाही, त्याला हे साहाय्य मोलाचे आहे. शिवाय यंत्रलिखित मजकूर ओळखणाऱ्या प्रणालीही निर्दोष नाहीत. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ साली केलेल्या चाचणीत, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे निम्म्याहून अधिक निबंध अशा प्रणालींनी सरासरीने यंत्रलिखित ठरविले. ओपनएआयनेही आपली अशी प्रणाली अचूकतेअभावी त्याच वर्षी मागे घेतली. तेव्हा केवळ अशा पुराव्यावर विद्यार्थ्यास दोषी धरणे अन्यायाचे होईल.

यास्तव विद्यार्थ्यांनी मूळ ग्रंथ आधी वाचावा, अडलेल्या संज्ञेचा अर्थ यंत्रास खुशाल विचारावा, आणि मिळालेला प्रत्येक संदर्भ ग्रंथालयात पडताळून पाहावा. प्राध्यापकांनीही लेखनासोबत तोंडी चर्चा घ्यावी. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याच्या मुलांनी वाचनाचा हक्क यंत्राच्या स्वाधीन करू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.