स्वस्तातले रेसिंग इंजिन: क्रँकशाफ्ट निवडताना

उदाहरण: शेवरोले ३५० व्ही-८ (१९६७ पासून)

- ओतीव: बिडाचा, स्वस्त. अंगावर साच्याच्या जोडाची बारीक रेघ.
- फोर्ज्ड: पोलादी, महाग, जास्त ताण सोसणारा. जोडाची खूण रुंद पट्टीसारखी. हातोडीने हलकेच ठोकल्यास लांबणारा नाद.
- स्ट्रोक: मूळ ३.४८ इंच. ३.७५ इंच स्ट्रोक आणि ४.०३० इंच बोअर केल्यास क्षमता ३८३ घनइंच. रॉडला फिरायला जागा मिळावी म्हणून ब्लॉक आतून घासावा लागू शकतो.
- मेन जर्नल: ३५० चे २.४५ इंच, शेवरोले ४०० व्ही-८ चे २.६५. ४०० चा क्रँक जर्नल घासल्याशिवाय ३५० मध्ये बसत नाही.
- मागचे ऑइल सील: आधी दोन तुकड्यांचे, १९८६ पासून अखंड.
- जुना क्रँक: तडे, बाक, जर्नलची मापे तपासून घेणे. ०.०१० इंच घासल्यास तेवढेच अंडरसाइज बेअरिंग.