बर्फगाडी आणि उतरणीचा धडा

वाचकहो, आपल्या मॉरिशस बेटावर बर्फ कुठला! पण अमेरिकेत बेलव्ह्यूला भाच्याकडे गेले, तेव्हा स्नोमोबाईल जवळून पाहिली. पुढे दोन स्की, मागे फिरणारा रबरी पट्टा. वजन सुमारे २५० किलो. ती पिकअपवर चढवून लोक स्नोक्वाल्मी घाटाच्या बाजूला बर्फात जातात.

भाच्याचा पिकअप मुद्दाम उंच करून घेतलेला. त्यामुळे फळी अगदी उभी लागली.

"मावशी, एका दमात चढवतो!"

"थांब! फळी साखळीने बांधलीस का?"

बांधली नव्हती. फळी मागे सरकली असती, तर गाडीसकट तो खाली आला असता.

मग मी वर्गातला उतरणीचा धडा सांगितला. फळी ८ फूट, उंची ४ फूट. घर्षण सोडले तरी निम्म्या वजनाइतका जोर हवा. त्याने पिकअप बर्फाच्या घट्ट, पसरट ढिगाऱ्याला मागून लावला, फळी ढिगाऱ्यावर टेकवली. उंची २ फूट उरली, जोर पाव झाला. साखळी लावली, मागे कोणाला उभे राहू दिले नाही. गाडी सावकाश चढली; मग पट्ट्यांनी आवळली.

मुलांनो, उतरणीचा धडा केवळ परीक्षेपुरता नसतो.